आंब्याऐवजी आलुबुखार

तुम्ही दोघांनी परवा फोनवर पीचची टोपली दाखवलीत आणि विचारलेत, "आजी, आंबापण स्टोन फ्रूट असतो का?" मी हो म्हणाले आणि तेवढ्यात तुमची शाळेची बस आली. अर्धवट उत्तर देऊन मला चैन पडत नाही. शिवाय हेच उत्तर मी मागच्या उन्हाळ्यात घरात एकदा दिले होते, अगदी बरोबर दिले होते, आणि त्यामुळे तुमच्या आत्याआजीचे जेवण बंद पडले होते. तेव्हा या वेळी सगळे क्रमाने सांगते.

आधी तुमच्या प्रश्नापुरते. फळांचे वर्ग चवीवरून किंवा रंगावरून ठरत नाहीत. फळ आतून कसे बांधलेले आहे, बी कशात ठेवलेली आहे, यावरून ठरतात. वर साल, मध्ये गर, आत दगडासारखे टणक कवच आणि त्या कवचात बी, अशी बांधणी असली की ते अश्मगर्भी फळ. तुमच्याकडे त्यालाच स्टोन फ्रूट म्हणतात. आंबा, बोर, पीच, जर्दाळू, चेरी, आलुबुखार म्हणजे तुमचे प्लम, ही सगळी त्यातली. बदामही त्यातलाच, फक्त त्याचा वरचा भाग आपण टाकतो आणि बी खातो. नारळसुद्धा. त्याला गराच्या जागी काथ्या असतो एवढेच. केळे, टोमॅटो आणि वांगे यांच्यात असे कवच नसते, बिया थेट गरात रुतलेल्या असतात, म्हणून ती मृदुफळे. जांभळाची बी मोठी असली तरी तिच्याभोवती दगडी कवच नाही, तेव्हा जांभूळही मृदुफळ. तुमचे आजोबा म्हणतात की वांग्याला फळ म्हणणाऱ्या शास्त्राशी त्यांचा काही संबंध नाही. त्यांचे चालू द्या.

मी हे सगळे कॉलेजात इंग्रजीतून शिकले आणि पुढे बरीच वर्षे शिकवलेही. त्यामुळे माझ्या स्वयंपाकघरातल्या फळीवर बरण्या ओळीने असतात आणि प्रत्येक बरणीवर चिठ्ठी असते. तुमच्या आईला लग्नानंतर पहिले काही महिने या चिठ्ठ्यांची भीती वाटायची, हे तिने मला फार नंतर सांगितले.

आता आत्याआजी. तुमच्या लेखी त्या म्हणजे फोनच्या पडद्यावर मागून डोकावून "पोरं जाड झालीत की फोन आडवा धरलाय?" असे विचारणाऱ्या म्हाताऱ्या बाई. त्या तुमच्या आजोबांच्या थोरल्या बहीण. मी त्यांना वन्सं म्हणते. त्यांना मूलबाळ नाही. यजमान गेल्यावर त्या आमच्याकडे कोथरूडला राहायला आल्या, कारण तुमच्या बाबांची खोली रिकामी झाली होती. हिंजवडीच्या बसमध्ये अर्धे आयुष्य जाते म्हणून तो कंटाळून विमानात जाऊन बसला, असे वन्सं येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगतात.

यजमानांचे वर्षश्राद्ध झाल्यावर आम्ही तिघे काशीला आणि तिथून गयेला गेलो. गयेला पिंडदान झाले की गेलेल्या माणसाच्या नावाने एक फळ आणि एक भाजी सोडायची, म्हणजे पुन्हा जन्मात खायची नाही, अशी रीत आहे. लोक यात बहुधा हिशेबी असतात. तुमच्या आजोबांनी कारले आणि रामफळ सोडले. कारल्याला त्यांनी उभ्या आयुष्यात हात लावला नव्हता आणि रामफळ कुठे मिळते हेही त्यांना माहीत नव्हते. मी पडवळ आणि चिकू सोडले. चिकूने मला खोकला होतो. वन्संनी भाजी कोणती सोडली ते आता आठवत नाही. फळ मात्र त्यांनी आंबा सोडला.

आमच्याबरोबर पुण्याहून आलेले गुरुजीसुद्धा हातातली पळी धरून थांबले.

"माई, दुसरं काही बघा. आंबा जड जाईल."

"हलकं सोडून काय करू?" वन्सं म्हणाल्या आणि पाणी सोडले.

तेव्हापासून त्यांनी आंबा खाल्लेला नाही. कैरीही नाही, लोणचे नाही, पन्हे नाही, आंबेडाळ नाही. "लहानपणीचा असला तरी आंबाच ना तो?" असा त्यांचा हिशेब. पण घरात हापूसची पेटी आली की ती उघडायची त्यांनीच. गवतातून एकेक फळ काढून, देठाशी वास घेऊन, आजचे, उद्याचे आणि परवाचे असे तीन ढीग लावतात. रस काढून देतात आणि बोटसुद्धा न चाटता हात धुतात. मी एकदा विचारले, "वन्सं, त्रास नाही होत?"

"आंबा सोडलाय गं. नाक नाही सोडलं."

मागच्या उन्हाळ्यात त्यांना न्यूमोनिया झाला. दवाखान्यातून घरी आल्या तेव्हा ताप गेला होता, छाती मोकळी झाली होती, पण अन्नावरची वासना उडाली होती. मऊ भात, मेतकूट, मुगाचे वरण, रव्याची खीर, सगळे करून पाहिले. दोन चमचे खायच्या आणि हाताने "पुरे" करायच्या. हातातल्या बांगड्या कोपरापर्यंत सरकायला लागल्या. तपासणीला नेले तेव्हा डॉक्टरीणबाईंनी वजन पाहिले आणि मला बाजूला घेण्याऐवजी त्यांनाच समोर बसवून सांगितले.

"आजी, औषधाचं काम झालंय. आता अन्नाचं काम आहे. पुढच्या वेळेलाही वजन असंच उतरलेलं दिसलं, तर नाकातून नळी घालून अन्न द्यावं लागेल."

घरी येताना रिक्षात वन्संनी माझा हात धरला. त्या कधी कोणाचा हात धरत नाहीत.

"ह्यांना घातली होती ती नळी," त्या म्हणाल्या. "काढून टाकायचे, म्हणून शेवटी हात पलंगाला बांधून ठेवले होते. मला ती नको."

"मग खा ना, वन्सं."

"खायचंच आहे मला. घास नुसता तोंडात फिरतो. आत जायची वाटच सापडत नाही त्याला."

त्यानंतरच्या एका दुपारी मी आणि तुमचे आजोबा रसपोळी खायला बसलो होतो. वन्सं आतल्या खोलीत पडून होत्या. पेटी त्या वर्षी मी उघडली होती. एकाएकी आतून आवाज आला, "उद्याचे आज कापलेस. एक दिवस थांबायला हवं होतं."

वासावरून ओळखले होते. बऱ्याच दिवसांत त्या एवढे लांब वाक्य बोलल्या नव्हत्या. मी उष्ट्या हाताने आत धावले. त्या उशीवरून मान उचलून दाराकडे बघत होत्या.

"वन्सं, एक चमचा देऊ? एकच?"

मागून तुमचे आजोबा आले. "ताई, आजारपणात चालतं. मी आत्ता गुरुजींना फोन करून विचारतो."

"गुरुजींना विचारून सोडला नव्हता. त्यांना विचारून खाणार नाही."

तरी त्यांनी फोन केलाच. गुरुजी म्हणाले की औषध म्हणून घेतले तर दोष नाही. हे ऐकून वन्संनी भिंतीकडे तोंड फिरवले. "दोष नसेल. पण मला नको."

रात्रभर माझ्या मनात ते मान उचलणे राहिले. म्हणजे भूक मेलेली नव्हती. कुठेतरी होती आणि आंबटगोड वासाला ओ देत होती. आंबा द्यायचा नाही हे ठरलेच होते. मग आंब्यासारखे आंबटगोड, गर असलेले, साखरेत शिजवले की वास सुटेल असे दुसरे काय? उत्तर माझ्या शास्त्रात तयार होते. सकाळी पिशवी घेऊन मी मंडईत गेले.

मे महिना अर्धा सरला की मंडईत आंब्याच्या शेजारी हिमाचलची फळे दिसायला लागतात. माझ्या लहानपणी ही ओली फळे कोणी पाहिली नव्हती. जर्दाळू आम्हाला ठाऊक होता तो सुका, दिवाळीच्या सुमारास येणारा. आता त्याचे ओले फळ, पीच, चेरी, आलुबुखार, सगळे मांडलेले असते. एका फळवालीसमोर मी आलुबुखार हातात घेऊन दाबून पाहत होते.

"घ्या आजी, शिमल्याचा हाय," ती म्हणाली.

"गोड आहे का?"

"गोडच पायजे तर साखर घ्या की."

मी पीच आणि आलुबुखार दोन्ही घेतली. पहिला प्रयोग पीचचा केला. उकळत्या पाण्यात क्षणभर बुडवून साल काढली, गर कुस्करला आणि केळ्याच्या शिकरणासारखा दुधात कालवला. पीच जरा कच्चट होते. दूध फाटले. वन्संनी वाटीत डोकावून पाहिले.

"पनीर केलंस का?"

ती वाटी मी निमूटपणे परत नेली आणि आलुबुखाराकडे वळले. ते कसे केले ते नीट लिहिते, कारण तुमच्याकडे ती ढिगाने मिळतात आणि तुमच्या आईला हे सहज जमेल. फळाच्या अंगावर देठापासून खाली एक रेघ असते. तिच्यावरून सुरी गोल फिरवायची आणि दोन्ही हातांनी दोन अर्धी उलट दिशांना पिळायची. पीच असे केले की बहुधा सरळ उघडते. आलुबुखाराचा गर मात्र आतल्या दगडाला घट्ट धरून असतो, तिथे सुरीने कोरून काढावा लागतो. साल काढायची नाही, सगळा रंग सालीत असतो. फोडी आधी नुसत्याच मंद आचेवर शिजू द्यायच्या, त्यांना स्वतःचे पाणी सुटते. साल पुरती मऊ झाल्याशिवाय साखर घालायची नाही, नाहीतर ती चिवट राहते. मग फळाला बेताची साखर, वरून वेलदोडा आणि एखादी लवंग. साखरांब्याला पाक बघावा लागतो तसा इथे लागत नाही. थेंब ताटलीत टाकून ताटली तिरकी करायची. थेंब पळाला नाही की झाले. आणि आतले दगड फोडून बी खाऊ नका. तुमचे बाबा लहानपणी सुक्या जर्दाळूच्या बिया बत्त्याने फोडून खात असत, त्या गोड होत्या म्हणून ठीक. कडू लागली तर ती विषारी असू शकते, लगेच थुंकायची. आलुबुखाराची तर फोडायचीच नाही.

ऊन ऊन पोळीचा लहानसा तुकडा आणि त्यावर हे लालभडक शिजवलेले फळ, असे मी वन्संच्या पुढे केले. त्यांनी आधी वास घेतला. मग घास घेतला. तो तोंडात थोडा फिरला आणि आत गेला. त्यांनी दुसरा तुकडा स्वतःच मोडला.

"काय आहे हे?"

"आलुबुखार. तुमच्या साखरांब्यासारखं केलंय, फक्त किसलं नाही."

"आंबट आहे. बरं आहे."

त्या दुपारी अर्धी पोळी गेली. दुसऱ्या दिवशी पाऊण आणि संध्याकाळी आपणहून विचारले, "ते तांबडं आहे का?" तुमच्या आजोबांनी मला स्वयंपाकघरात येऊन हळूच सांगितले की आंबा खाताना त्यांना इतके दिवस घास लागत होता, तो आज लागला नाही. मी दुसऱ्या बरणीची तयारी केली. मला इतका आनंद झाला होता की काय करावे कळेना, आणि मला आनंद झाला की मी शिकवायला लागते.

वन्सं उशीला टेकून बसल्या होत्या, मांडीवर ताटली होती. मी समोर खुर्ची घेतली.

"वन्सं, तुम्हाला हे एवढं का आवडलं, त्याला कारण आहे बरं का. आंबा आणि आलुबुखार एकाच वर्गातली फळं. दोन्ही अश्मगर्भी. वरून साल, मध्ये गर, आत दगड. शास्त्राने बघायचं तर हा छोटासा आंबाच म्हणायचा."

पोळीचा तुकडा तोंडापर्यंत गेला होता, तो ताटलीत परत आला.

"एकाच वर्गातले?"

"अगदी एकाच."

"नक्की?"

"नक्की म्हणजे काय, वन्सं? जगभर हेच शिकवतात."

त्यांनी ताटली माझ्याकडे सरकवली. "मग हे उचल."

तेव्हा कुठे माझ्या लक्षात आले मी काय बोलून बसले ते. मी घाईघाईने म्हणाले की तसे नव्हे, ते नुसते पुस्तकातले असते. पण ज्या बाईंनी कैरीला लहानपणीचा आंबा ठरवून सोडले होते, त्यांच्यासमोर मी आंब्याचा सख्खा भाऊ उभा केला होता. गडबड ऐकून तुमचे आजोबा वर्तमानपत्र घेऊन दारात आले.

"काय झालं?"

"काही नाही. तुझी बायको सांगते, हा आंबाच आहे. तीन-चार वेळा खाल्ला मी. काय व्हायचं ते होवो," वन्सं म्हणाल्या आणि पदराने तोंड पुसले.

तुमच्या आजोबांनी माझ्याकडे पाहिले. "अगं, तुला कोणी परीक्षेला बसवलं होतं का?"

पुन्हा पेज सुरू झाली आणि पुन्हा दोन चमचे. तपासणी चार दिवसांवर आली होती. दुपारी एकदा मी वन्संचे पांघरूण सारखे करायला गेले तेव्हा त्या आपल्याच मनगटाला दुसऱ्या हाताने घट्ट धरून पडल्या होत्या. नळीचा विचार चालला होता हे मला कळत होते.

तुमच्या आजोबांनी उपाय काढला. "सांग ना, मी चुकले म्हणून. टोमॅटोचा मुरांबा आहे म्हणून दे."

"आणि त्यांनी विश्वास ठेवला तर?"

"तर उत्तमच की."

"उत्तम कसं? त्यांना वाटतंय ते पाळतायत आणि मी चोरून मोडते आहे, असं होईल ते. भावोजींच्या नावाने सोडलंय त्यांनी."

ते वर्तमानपत्र उघडून बसले. पटले की ते असेच करतात. मला दिसत होते की आता खरे तेच, पण पूर्ण सांगायला हवे. अर्धे सांगून मी थांबले होते, म्हणून गाडी अडली होती. मी एका थाळीत आलुबुखार, ओला जर्दाळू, पीच आणि चार बदाम ठेवले, फळे मधोमध कापली आणि थाळी घेऊन आत गेले.

"वन्सं, त्या दिवशी माझं सांगून पुरं झालं नव्हतं."

"अर्ध्यात माझं जेवण गेलं. पुऱ्यात काय जाणार आहे?"

"ऐका तर. वर्ग म्हणजे नुसता नकाशा. आपल्या बिल्डिंगमधले सगळे फ्लॅट एका नकाशाचे आहेत ना? दार उघडलं की हॉल, डाव्या हाताला स्वयंपाकघर. म्हणून खालच्या मजल्यावरचे ते ढोल बडवणारे आपले नातेवाईक झाले का?"

"देव न करो."

"तसंच हे. आंब्याचा आणि आलुबुखाराचा नकाशा एक. कूळ मात्र वेगळं. आलुबुखार, पीच, जर्दाळू, बदाम, सफरचंद ही सगळी गुलाबाच्या कुळातली."

"गुलाबाच्या?" त्यांनी जर्दाळूची फोड उचलून नाकाशी धरली. जरा वेळ तशीच धरून ठेवली. "आणि आंब्याच्या कुळात कोण?"

इथे मला थांबता आले असते. पण पूर्ण सांगायचे ठरवले होते.

"काजू," मी म्हणाले. "पिस्ता, चारोळी. आणि बिब्बा."

हॉलमधून आवाज आला, "ताई, तुझी काजूकतली गेली!"

"तू गप्प बस रे." वन्संनी फोड थाळीत ठेवली. "म्हणजे वर्गाने बघितलं तर मी आलुबुखार खाऊन चुकले, आणि कुळाने बघितलं तर इतकी वर्षं दिवाळीला काजू खाऊन चुकले."

"तसं नाही हो, वन्सं..."

"थांब. तू पुष्कळ सांगितलंस. आता मी सांगते."

मी खुर्चीत मागे टेकले. हॉलमधली पानांची सळसळही थांबली.

"गयेला पाणी सोडताना माझ्या मनात तुझा वर्गही नव्हता आणि कूळही नव्हतं. ह्यांची एक सवय होती. आंबा कापला की दोन्ही बाजूंचे काप माझ्या ताटलीत घालायचे आणि आपण कोय घेऊन बसायचे. म्हणायचे, मला कोयच आवडते. लग्न झाल्यापासून शेवटपर्यंत. खरंच आवडायची की माझ्यासाठी म्हणायचे, ते मी कधी विचारलं नाही. ते गेल्यानंतरच्या उन्हाळ्यात मी एकटीने आंबा कापला. काप ताटलीत ठेवले आणि कोय हातात घेऊन उभी राहिले. द्यायची कोणाला, तेच कळेना. तो आंबा तसाच टाकून दिला. पुढे गुरुजींनी विचारलं, काय सोडता, तर माझ्याकडे सोडण्यासारखं तेवढंच होतं."

इतक्या वर्षांत हे आम्ही दोघांनीही ऐकले नव्हते. तुमचे आजोबा दाराशी येऊन उभे राहिले होते. त्यांचा चष्मा हातात होता.

वन्संनी थाळीतले आलुबुखार उचलले, उलटसुलट करून पाहिले. आतला लहानसा दगड अर्ध्यात रुतलेला होता.

"ह्यांनी हे फळ कधी खाल्लं असेल?"

"तेव्हा पुण्यात ओलं कुठे मिळायचं, वन्सं?"

"भावोजींनी ते सुकंसुद्धा बघितलं नसेल, ताई," तुमचे आजोबा म्हणाले. "लांबचं फळ म्हणजे त्यांच्या लेखी नागपूरचं संत्रं."

वन्सं हसल्या. आजारपणानंतर पहिल्यांदाच हसल्या. "मग याची आणि ह्यांची ओळखच नाही. ज्याची ओळखच नाही, ते सोडायचं कशासाठी?" त्यांनी फळ थाळीत परत ठेवले. "आहे का ते तांबडं, की टाकून दिलंस?"

"आहे. बरणी फ्रिजमध्ये आहे. पोळी आणू का गरम?"

"आधी नुसतंच आण."

मी वाटी आणली. त्यांनी चमचा भरून तोंडात घातला, डोळे मिटून बसल्या. आम्ही दोघे परीक्षेच्या निकालाला उभे राहावे तसे उभे.

"वेलदोडा फार झालाय," त्या म्हणाल्या. "त्या दिवशी बोलले नाही, म्हटलं आधीच बिचारीचं दूध फाटलंय."

तपासणीच्या दिवशी वजनाचा काटा थोडासाच, पण वर सरकलेला दिसला. डॉक्टरीणबाईंनी पुन्हा पाहून खात्री केली आणि खूश झाल्या.

"छान! काय खायला सुरुवात केलीत, आजी?"

मी उत्तर द्यायला तोंड उघडले. वन्संनी नुसते माझ्याकडे पाहिले. मी तोंड मिटले.

"आलुबुखार," त्या म्हणाल्या. "चांगल्या घरातलं आहे."

"मग नळीचं आता काही कारण नाही."

"ज्याला हवी असेल त्याला द्या."

घरी आल्यावर त्या भिंतीला धरत धरत स्वयंपाकघरात आल्या आणि ओट्याशेजारच्या स्टुलावर बसल्या. मंडईतून आणलेली पीच टोपलीत पिकत ठेवली होती, ती त्यांनी एकेक हातात घेऊन हुंगली. आजची, उद्याची आणि परवाची असे ढीग लावायला घेतले. मग म्हणाल्या, "याचं शिकरण नको. यात आले-मिरची घालून आंबटगोड आमटी कर, आणि गूळ मी सांगेन तेवढाच घाल." मी केली. ओल्या पीचची आमटी जगात कोणी करत असेल असे मला वाटत नाही, पण ती फर्मास झाली होती. त्यांनी भाताबरोबर ती खाल्ली, वाटी पुढे केली, मग अर्धी पोळी घेतली आणि उरलेली अर्धीही मागून घेतली.

तुमचे आजोबा माझ्याकडे बघत होते. मला तेव्हा पीचविषयी सांगण्यासारखे खूप काही सुचत होते. मी पोळी वाढली आणि तूप आणायला उठले.